ऊब आणि अवधान

देव भावाचा भुकेला असतो, हे देवळाच्या सभामंडपात लहानाचा मोठा झालेल्या प्रत्येकाने ऐकलेले असते. नैवेद्यात मीठ कमी पडले, मंत्राचा उच्चार चुकला, हारातले एखादे फूल कोमेजलेले निघाले, तरी भाव शुद्ध असेल तर देव सारे गोड मानून घेतो, ही आपली श्रद्धा आहे. आणि ती खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु देवाच्या बाबतीत जे खरे, ते माणसाच्या बाबतीतही तितकेच खरे असते काय? विशेषतः ज्याला बोलता येत नाही, दूर सरकता येत नाही, ‘पुरे’ असे म्हणता येत नाही, अशा जिवाच्या सेवेत केवळ भाव पुरतो काय? हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथात सापडलेला नाही. तो माझ्या कचेरीत, श्रावणातल्या एका संध्याकाळी, एका वृद्ध स्त्रीच्या तोंडून माझ्यासमोर आला, आणि तेव्हापासून त्याने माझी पाठ सोडलेली नाही.

गोष्ट सुमारे बारा वर्षांपूर्वीची. गोमंतकातील एका तालुक्याच्या गावी, एका लहानशा प्रसूतिगृहात, दिवस पुरे होण्याआधी सहा-सात आठवडे एक मुलगा जन्मला. वजन दीड किलोच्या आसपास. त्याला मोठ्या इस्पितळात हलवणे भाग होते. बाहेर धो धो पाऊस, वाट दीड तासाची. गाडीत बसताना कोणीतरी बजावले, “बाळाला ऊब ठेवा हं!” ऊब कशी ठेवावी, हे कोणी सांगितले नाही, सांगायला कोणाला उसंतही नव्हती. बाळाची आजी शहाणीसुरती, चार मुले वाढवलेली बाई. तिने रबरी पिशवीत कढत पाणी भरले, पिशवी जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळली आणि नातवाच्या मांडीशी लावून ठेवली. मोठ्या इस्पितळात पोचल्यावर बाळाला वरून उष्णता देणाऱ्या यंत्राखाली, ज्याला सर्वत्र ‘वॉर्मर’ म्हणतात त्याखाली, निजवण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला बाळ दाखवले, तेव्हा त्याच्या अंगावर भाजल्याच्या दोन जखमा होत्या. एक मांडीच्या बाहेरच्या बाजूस, लांबट, सरळ कडेची. दुसरी पोटावर, लालबुंद, फोड आलेली.

बाळाचे वडील माझ्याकडे आले ते छायाचित्रे आणि कागदपत्रे घेऊन, संतापाने थरथरत. त्यांच्या मते प्रकरण अगदी स्वच्छ होते: यंत्राने मूल भाजले, आणि यंत्रावर नजर ठेवणाऱ्यांनी ती ठेवली नाही. पिशवीचा त्यांनी उल्लेखही केला नाही. मी नोटीस पाठवली. उत्तर आले, त्यात पहिलेच वाक्य रबरी पिशवीविषयी होते. मग मी आजीला बोलावून घेतले.

ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली, आणि मी काही विचारण्याच्या आतच म्हणाली, “वकीलबाब, हांवें हात लावन पळयिल्लें.” तिने हात लावून पाहिला होता! पिशवी फार कढत तर नाही ना, याची खात्री तिने स्वतःच्या तळहाताने करून घेतली होती. तो तळहात तिने माझ्यापुढे उघडा धरला. पन्नास वर्षे चुलीतली लाकडे सरकवून, निखाऱ्यावरची भांडी उतरवून, पेजेचे तपेले नुसत्या हाताने उचलून घट्टे पडलेला तो हात. मग तिने दुसरी गोष्ट विचारली: “खरें सांगल्यार नातवाचें वायट जातलें?”

या दोन वाक्यांत या प्रश्नाची दोन्ही टोके आली आहेत, असे मला आज वाटते. पहिले टोक सेवेचे, दुसरे दोषाचे.

प्रथम सेवेचे पाहू. भाजणे म्हणजे ज्वाळेचा स्पर्श, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघा संशोधकांनी दाखवून दिले की, त्वचेला इजा होते ती उष्णता आणि काळ या दोहोंच्या संयोगाने. साठ अंश सेल्सिअसला प्रौढ माणसाची त्वचा अवघ्या पाच सेकंदांत खोलवर भाजते. परंतु चव्वेचाळीस अंशांची, हाताला केवळ कोमट-गरम वाटणारी वस्तूही सुमारे सहा तास चिकटून राहिली तर तेच करू शकते. या दोहोंच्या मधल्या पायऱ्यांवर अंश वाढत गेला की वेळ झपाट्याने घटत जातो. ही मापे प्रौढांच्या त्वचेची. अवेळी जन्मलेल्या बाळाच्या त्वचेचा वरचा संरक्षक थर तयारच झालेला नसतो. ती कागदासारखी पातळ असते. त्यातून बाळ गारठलेले असेल, तर त्वचेतून वाहणारे रक्त कमी झालेले असते, आणि बाहेरून आलेली उष्णता वाहून नेणारा तो प्रवाहच आटल्यामुळे ती एकाच जागी साचते. प्रौढ माणूस झोपेतही चटका बसताच पाय ओढून घेतो; हे बाळ ओढून घेत नाही. रडलेच तरी त्याचे रडणे भुकेचे, थंडीचे की भाजण्याचे, हे कोण ओळखणार?

म्हणजे आजीच्या परीक्षेत दोन चुका होत्या, आणि दोन्ही चुका प्रेमाच्याच पोटी झालेल्या. तिने उष्णता तपासली ती क्षणभर. पिशवी मात्र दीड तास मांडीला लागून राहिली. आणि तिने उष्णता तपासली ती आपल्या हाताने. सोसायची होती ती मात्र नातवाच्या त्वचेने. तिच्या हाताचे माप खोटे नव्हते. ते तिच्यापुरते पूर्ण खरे होते. परंतु ते नातवाचे माप नव्हते.

आता यंत्राकडे वळू. यंत्राला हात नाही, घट्टे नाहीत, माया नाही; तेव्हा ते तरी चुकणार नाही असे आपण समजतो. या वॉर्मरची रचना अशी असते की, बाळाला उघडे निजवायचे, वरच्या तापलेल्या दांडीतून त्याच्यावर उष्णतेचे किरण पडू द्यायचे, आणि पोटाच्या त्वचेवर एक इवलीशी तापमापक कळ चिकटवायची. ती कळ त्वचेचे तापमान यंत्राला कळवते. त्वचा थंड असली की यंत्र उष्णता वाढवते, पुरेशी उबदार झाली की कमी करते. बाळ जणू त्या तारेतून यंत्राशी बोलत असते. पण ती चिकटपट्टी सुटली, कळ लोंबकळू लागली, की ती बाळाच्या त्वचेचे नव्हे, खोलीतल्या हवेचे तापमान सांगू लागते. हवा थंड, म्हणून यंत्र समजते की बाळ गारठले, आणि आपली सारी शक्ती पणाला लावून तापू लागते. इशाऱ्याची घंटा त्याला असते. परंतु ज्या खोलीत दहा घंटा रात्रभर वाजत असतात तेथे अकरावी बंद करणाऱ्या हाताला ती का वाजली हे पाहण्यास सवड नसते. त्या रात्री तसेच झाले असावे. सकाळी कळ सुटलेली आढळली होती. आणि तक्त्यावर मात्र दर दोन तासांनी, एकाच शाईत, एकाच वळणात, एकच आकडा लिहिलेला होता: ३६.५.

वाचकांनी हे साम्य लक्षात घ्यावे. आजीने मोजले, पण आपल्या हाताने. यंत्राने मोजले, पण हवेला. तक्त्याने मोजलेच नाही. मोजल्याची नोंद तेवढी ठेवली. तिघांनीही ऊब दिली, आणि तिघांचाही त्या जिवाशी असलेला धागा तुटलेला होता. ज्याला ऊब द्यायची त्याला ती कशी लागते आहे, हे कळण्याची वाटच बंद झाली होती. माझ्या मते निष्काळजीपणाचे मर्म येथे आहे. निष्काळजीपणा म्हणजे मायेचा अभाव नव्हे. माया भरपूर असतानाही तो घडतो. घेणाऱ्याकडे पाहणे थांबवून देत राहणे, हेच त्याचे खरे रूप.

कायद्याने या प्रश्नाचा विचार केलेला आहे, आणि गंमत अशी की, आपल्या कायद्यात त्याची दोन निरनिराळी उत्तरे शेजारी शेजारी नांदतात. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट सांगतो की, एखादी गोष्ट खरोखर प्रामाणिकपणे केलेली असेल, तर ती करताना हयगय झाली असली तरीही ती सद्भावाने केली असेच समजावे. याउलट १८६० च्या दंडसंहितेच्या ५२ व्या कलमाने सांगितले की, यथायोग्य दक्षता आणि अवधान यांवाचून जे केले ते सद्भावाने केले असे म्हणताच येणार नाही. १ जुलै २०२४ पासून ती दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या दुसऱ्या कलमातही हीच व्याख्या कायम ठेवलेली आहे. पहिल्या व्याख्येत सद्भाव म्हणजे मनाची स्वच्छता. दुसरीत सद्भाव म्हणजे मनाची जागरूकता. पहिली विचारते, ‘तुझा हेतू काय होता?’ दुसरी विचारते, ‘तू नीट पाहिलेस काय?’

विद्यार्थिदशेत ही विसंगती मला कायदा करणाऱ्यांचा विसराळूपणा वाटे. आता तसे वाटत नाही. अनेक व्यवहारांत प्रामाणिकपणा हीच मोठी गोष्ट असते. फसवण्याचा हेतू नव्हता एवढे सिद्ध झाले की माणसाला सोडून द्यावे. परंतु जेथे दुसऱ्याच्या देहाला आपला हात लागतो, तेथे हेतू स्वच्छ होता एवढ्याने भागत नाही, हे फौजदारी कायद्याने ओळखले. कारण देहाला हेतू कळत नाही. मांडीच्या त्वचेला पिशवी मायेने लावली की दुष्टपणाने, याने भाजण्यात तिळमात्र फरक पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली पुण्याच्या एका शल्यचिकित्सकाविषयीच्या अपिलात वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना दक्षता, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना दक्षता, आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना दक्षता. आमच्या प्रकरणात पहिल्या दोहोंविषयी तक्रारच नव्हती. बाळाला घेणे योग्य होते, ऊब देणे योग्य होते. वाद होता तो तिसऱ्या कर्तव्याविषयी. आणि हे तिसरे कर्तव्य असे आहे की, ते एकदा पार पाडून मोकळे होता येत नाही. निर्णय एकदा घेता येतो; अवधान मात्र घटकेघटकेला नव्याने द्यावे लागते. रात्री दहाला दिलेले अवधान पहाटे दोनला उपयोगी पडत नाही.

कायद्यात आणखी एक तत्त्व आहे, ते मला अशा खटल्यांत फार जवळचे वाटते. १८६३ साली इंग्लंडात एका वखारीच्या वरच्या मजल्यावरून पिठाचे पिंप खाली जाणाऱ्या माणसावर पडले. ते कसे पडले हे सांगणारा साक्षीदार नव्हता. न्यायालयाने म्हटले की, पिंपे आपोआप पडत नसतात. घटनाच येथे बोलते आहे. पुढे लॅटिनमधील ‘रेस इप्सा लोकिटर’ या नावाने हे तत्त्व रूढ झाले, आणि वैद्यकीय हयगयीच्या खटल्यातही ते लागू होऊ शकते, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मान्य केले. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने त्याची जखम बोलते, असा त्याचा अर्थ मी मनाशी लावून ठेवला आहे. परंतु या प्रकरणात जखमा दोन होत्या, आणि प्रामाणिकपणे ऐकायचे तर दोघींचेही ऐकणे प्राप्त होते. पोटावरची जखम यंत्राविषयी बोलत होती. मांडीवरची जखम, तिची ती सरळ कड, पिशवीविषयी.

येथे दुसरे टोक, दोषाचे. बाळाच्या वडिलांना मी हे समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, आईचं वेगळं. तिने मायेनं केलं. तिकडे मात्र हयगय झाली.” मी विचारले, “त्या रात्रीच्या परिचारिकेने द्वेषाने केले काय?” ते गप्प राहिले. पुढे ग्राहक मंचापुढे हजेरीपत्रक आले, त्यात त्या रात्री अकरा अर्भकांवर एकच परिचारिका होती असे दिसले. तिची साक्ष मी ऐकली. तीही कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी आई. ती रात्रभर बसली नव्हती. एका बाळाचा श्वास अडला होता, त्याच्याजवळ ती दोन तास उभी होती. ते बाळ जगले. एकाला अवधान दिले, म्हणून दुसऱ्याला ते देता आले नाही. आणि तक्त्यातली रिकामी घरे मात्र पहाटे एकदमच भरली गेली. शेवटची गोष्ट खोटेपणाची होती आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु आधीची गोष्ट? दोन हातांच्या माणसाला अकरा पाळणे हलवायला सांगणाऱ्याचा दोष त्या दोन हातांवर किती घालायचा?

आपल्याला दोषी एकच हवा असतो, आणि तो शक्यतो परका हवा असतो. घरच्याची चूक ती माया, परक्याची चूक तो गुन्हा, अशी वाटणी मनाला सोयीची असते. आजीने ही सोय नाकारली. खरे सांगितले तर नातवाचे वाईट होईल का, असे तिने विचारले होते, मी म्हणालो, “आजी, खरे सांगितले तर दाव्याची रक्कम कदाचित कमी होईल. खोटे सांगितले, आणि ते उघडे पडले, तर पोटावरच्या जखमेवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.” ती थोडा वेळ बसून राहिली. मग साक्षीला आली, आणि पिशवीची हकीकत, हात लावून पाहिल्याची हकीकत, काहीही न गाळता सांगितली. आम्ही केवळ पोटावरच्या जखमेबद्दल भरपाई मागितली. प्रकरण तडजोडीने मिटले. उपचाराचा खर्च निघाला. पण घरी मुलगा आईशी कित्येक महिने धड बोलला नाही. त्याला आपला राग एकाच दाराशी नेऊन ठेवायचा होता. आईच्या खरेपणाने तो दोन दारांत वाटला गेला, त्यातले एक स्वतःच्याच घराचे.

अशा हकीकती ऐकून घराघरांत एक वेगळीच प्रतिक्रिया होते, तिच्याविषयीही लिहिले पाहिजे. दुधाने तोंड भाजले की माणूस ताकही फुंकून पितो. ‘नको ती पिशवी, नको ते यंत्र’ असे म्हणून लोक बाळाला कापडात गुंडाळून नुसते बाजेवर ठेवू लागतात. हे भाजण्याहूनही घातक आहे. जन्मलेले मूल ओले असते. त्याच्या वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग फार मोठा असतो. त्याला कुडकुडून उष्णता निर्माण करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नवजाताचे योग्य तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस ठरवले आहे, आणि त्याखाली घसरणारे दुबळे मूल हळूहळू, आवाज न करता, मृत्यूकडे सरकते. १८८० च्या सुमारास पॅरिसच्या प्रसूतिगृहात तार्निए या वैद्याने कोंबडीची अंडी उबवण्याच्या पेटीवरून मुलांसाठी उबदार पेटी बनवून घेतली ती याच जाणिवेने. पुढे १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, पेटीतल्या हवेत केवळ काही अंशांची वाढ केल्याने अपुऱ्या दिवसांची कितीतरी अधिक मुले जगतात. तेव्हा ऊब देणे हे कर्तव्यच आहे. भाजण्याच्या भीतीने ऊब न देणे म्हणजे हयगयीवरचा उपाय नव्हे. ती हयगयीचीच दुसरी जात. न देण्याने आपले हात स्वच्छ राहतात एवढेच. मूल राहत नाही.

आणि जेथे ऊब देण्याची जबाबदारी एका माणसाची नसून संस्थेची असते, तेथे अवधानही एका माणसाचा गुण राहत नाही. ती व्यवस्था व्हावी लागते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात-कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके गेली; काही भाजून, बहुतेक धुराने गुदमरून. चौकशीअंती आगीचा उगम एका वॉर्मरच्या नियंत्रण-पेटीतील ठिणगीत असल्याचे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी त्याच महिन्यात जाहीर केले. जे यंत्र प्राण राखण्यासाठी ठेवले, तेच त्या रात्री प्राणांवर उठले. अशा वेळी आपण एका रात्रपाळीच्या माणसाचे नाव शोधतो. परंतु तारा तपासणे, यंत्राची वेळेवर दुरुस्ती करणे, बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणे, खोलीत पुरेशी माणसे नेमणे, हेही अवधानच होय. फक्त ते दिवसाढवळ्या, टेबलाशी बसून, पैशाच्या रूपाने द्यावयाचे असते. ते दिले नसेल, तर रात्री दोन वाजता एकट्या परिचारिकेच्या डोळ्यांतून त्याची वसुली करू पाहणे हा अन्याय आहे.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे आता परत येतो. ज्याला बोलता येत नाही त्याची सेवा करायला आपण कोठे शिकतो? माझ्या मते, देवापुढेच. रामनवमीला भर दुपारी आपण पाळण्याची दोरी ओढतो आणि बाळंतिणीला मानवणारा सुंठवडा प्रसाद म्हणून वाटतो. पंढरपुरात वारीच्या दिवसांत अहोरात्र उभ्या राहिलेल्या विठोबाला नंतर प्रक्षाळपूजेत गरम पाण्याने स्नान घालतात, त्याचा शीण जावा म्हणून. थंडीत घरच्या देवांनाही आपण गार पाणी घालत नाही. न मागता, न सांगता, दुसऱ्याची गरज ओळखून सेवा करण्याचे हे शिक्षण फार मोलाचे आहे. परंतु त्यात एक उणीव राहते. पाणी अधिक कढत झाले तरी पाषाणाची मूर्ती तक्रार करीत नाही, आणि तिच्या अंगावर फोडही उठत नाही. चुकीची खूण न राहणाऱ्या सेवेत माणसाला हळूहळू असे वाटू लागते की, भाव असला की झाले. जुने सेवेकरी मात्र असे मानत नाहीत. आमच्या देवळातील एक वयोवृद्ध पुजारी अभिषेकाचे पाणी तळहाताने कधी पाहत नसत. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहत. मी लहानपणी विचारले होते, “देवाला भाजेल काय?” ते म्हणाले, “देवाला नाही रे भाजणार. पण माझी सवय मोडेल.” त्या उत्तराचा अर्थ मला त्या आजीचा हात पाहिल्यावर कळला. देवापुढची सेवा ही अवधानाची सवय आहे. ज्याला इजा होत नाही त्याच्यापुढे ती लावून घ्यायची, ती ज्याला इजा होते त्याच्यासाठी. गीतेने कर्मातील कौशल्याला योगाचे नाव दिले, त्यातही हेच असावे. भाव आणि कौशल्य यांची तेथे फारकत केलेली नाही.

एक उपाय मात्र असा आहे की, ज्यात देणारा आणि घेणारा यांच्यामधला धागा तुटूच शकत नाही. तो मोठ्या साधनसामग्रीतून नव्हे, टंचाईतून निघाला. १९७८ साली कोलंबिया देशात, बोगोटा शहरातील एका प्रसूतिरुग्णालयात, मुले फार आणि पेट्या थोड्या अशी स्थिती असताना एदगार रेय सानाब्रिया या वैद्याने अपुऱ्या दिवसांची मुले आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, उभी बांधून ठेवण्याचा परिपाठ सुरू केला. कांगारूच्या पिशवीवरून त्याला ‘कांगारू मातासेवा’ म्हणतात. पुढे भारतासह पाच देशांतील इस्पितळांत तीन हजारांहून अधिक लहानग्यांवर केलेल्या अभ्यासाचे फळ २०२१ साली प्रसिद्ध झाले: जन्मानंतर लगेच छातीशी धरलेल्या मुलांत पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू शेकडा १२ होते; आधी यंत्राखाली ठेवून प्रकृती स्थिरावल्यावरच छातीशी घेतलेल्या मुलांत ते शेकडा १५.७ होते. यंत्रे त्यामुळे निरुपयोगी ठरत नाहीत. अत्यवस्थ मुलाला ती लागतातच, आणि नीट पाहिली तर ती प्राण वाचवतात. परंतु या पद्धतीत एक नैतिक सौंदर्य मला दिसते. येथे ऊब देणारी त्वचा आणि ऊब घेणारी त्वचा एकमेकींना लागलेल्या असतात. बाळाला जे सोसवत नाही ते आईलाही सोसवत नाही. देणाऱ्याचे माप आणि घेणाऱ्याचे माप येथे एक होते.

त्या घरी तीन वर्षांनी दुसरे मूल झाले, तेही दिवस भरण्याआधी. या वेळी इस्पितळ दुसरे होते. सुनेवर शस्त्रक्रिया झालेली, ती गुंगीत. परिचारिकेने बाहेर येऊन विचारले, “बाळाला छातीशी कोण धरणार?” वडिलांनी मला पुढे जत्रेत भेटल्यावर सांगितले की, आजी भिंतीला टेकून उभी होती, आणि हे ऐकताच तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. पहिल्या नातवाच्या मांडीवरचा वण तिने तीन वर्षे रोज आंघोळ घालताना पाहिला होता. परिचारिकेने तिला खुर्चीत बसवले, शांतपणे सारे समजावले, आणि नात तिच्या छातीशी ठेवून वरून चादर बांधली. पहिला तासभर आजी श्वासही जपून घेत होती. मग मुलाने विचारले, “आये, गरम लागतें?” ती म्हणाली, तिला जेवढे लागते तेवढेच मला लागते. त्या दिवसापासून, तो म्हणाला, माझा आईवरचा उरलासुरला राग गेला.

आपल्या घरी किंवा शेजारी एखादे मूल अवेळी जन्मले, तर देवाला नारळ जरूर ठेवावा. पण बाळाच्या अंगाला गरम पाण्याची पिशवी, बाटली, दिवा, शेगडी यांपैकी काहीही लावू नये. बिछाना ऊन करायचा असेल तर आधी करून, पिशवी काढून घेऊन, मगच बाळाला त्यावर ठेवावे. आणि वाटेत न्यायचे असेल तर आईच्या किंवा कोणा निरोगी माणसाच्या छातीशी, अंगाला अंग लावून न्यावे. इस्पितळातल्या यंत्राची घंटा वाजली तर संकोच न करता परिचारिकेला हाक मारावी. आणि ती धावून आली तर तिचे आभार मानावेत, कारण ती तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी बाळापासून उठून आलेली असते.

देव भावाचा भुकेला आहे, हे मी आजही मानतो. अर्भकालाही भाव हवाच असतो. पण त्याची त्वचा भावाने राखली जात नाही, ती अवधानाने राखली जाते. आणि ज्या भावातून अवधान उपजत नाही, तो भाव देवाला तरी किती गोड लागत असेल, याची मला अलीकडे शंका येऊ लागली आहे.